सोकावलेला काळ

१८९९ सालच्या उन्हाळ्यात २६ देशांचे प्रतिनिधी हेग शहरात जमले होते. युद्ध टाळता येत नसेल तर निदान माणुसकी राखून कसं करावं, असा विषय होता. त्यात एका गोळीची गोष्ट निघाली. कोलकात्याजवळच्या दमदमच्या दारूगोळा कारखान्यात ती तयार झाली, म्हणून नावही तेच पडलं. अंगात शिरली की तिचं टोक पसरायचं आणि ती आतलं सगळं फाडत जायची. सरहद्दीवरच्या पठाणांवर ती वापरून झाली होती. आता तिच्यावर बंदी घालायचा ठराव आला आणि ब्रिटनच्या बाजूनं सर जॉन आर्डाघ विरोधाला उभे राहिले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: सुधारलेल्या देशाच्या सैनिकाला गोळी लागली की तो थांबतो, त्याला उचलून दवाखान्यात नेता येतं. रानटी माणसाला गोळी लागली तरी तो भाला घेऊन अंगावर येतच राहतो, त्याला साधी गोळी पुरत नाही.

ब्रिटन आणि अमेरिकेच्या विरोधानंतरही ठराव मंजूर झाला. पण त्यात एक कलम होतं. हे बंधन फक्त सही करणाऱ्या देशांच्या आपसातल्या युद्धापुरतं आहे. म्हणजे जर्मन सैनिकानं फ्रेंच सैनिकावर ही गोळी झाडणं गैर ठरलं. जर्मनीच्या ताब्यातल्या नैर्ऋत्य आफ्रिकेतल्या हेरेरो माणसावर झाडली तर कागदोपत्री कुणाचीच हरकत नव्हती. हेरेरोंना सही करायला बोलावलंच कुणी होतं?

आधुनिक युद्धांच्या कारणांवर बोलताना बहुतेक जण साराजेव्होच्या रस्त्यावरून सुरुवात करतात. मला या कलमापासून करावीशी वाटते.

शाळेत आपण सगळ्यांनीच पहिल्या महायुद्धाची कारणं पाठ केली आहेत. साम्राज्यवाद, लष्करवाद, आक्रमक राष्ट्रवाद, गुप्त करार, आणि तात्कालिक कारण म्हणून साराजेव्होत झालेला ऑस्ट्रियन राजपुत्राचा खून. पाच मुद्दे, पाच गुण. यातल्या पहिल्या मुद्द्याखाली आपण लिहायचो की वसाहतींसाठी युरोपीय देशांत स्पर्धा होती आणि त्यातून युद्ध झालं. या वाक्याला मोठा वारसा आहे. लेनिननं १९१६ साली झुरिचमध्ये बसून हाच सिद्धान्त मांडला: भांडवलाला देशात जागा उरली नाही, ते बाहेर गेलं, जगाची वाटणी पूर्ण झाली, आणि मग फेरवाटणीसाठी युद्ध अटळ झालं. वाचताना पटतं. पण हिशेबाची वही उघडली की अडचण येते. फ्रेंच सावकारांच्या परदेशी गुंतवणुकीतला सुमारे चौथा हिस्सा वसाहतीत नव्हता, रशियात होता. जर्मनीच्या एकूण परदेशी व्यापारात तिच्या वसाहतींचा वाटा शंभरात एकही नव्हता. आणि सगळ्यात गैरसोयीची गोष्ट अशी की १९१४ च्या जुलैत युद्ध ज्यांच्यात सुरू झालं, त्या ऑस्ट्रिया-हंगेरीकडे समुद्रापार वसाहत म्हणावी असं काही नव्हतं आणि सर्बियाकडे तर समुद्रही नव्हता.

म्हणून दुसरा पक्ष म्हणतो, वसाहतींचा आणि महायुद्धाचा संबंधच नाही. ते युरोपचं घरगुती भांडण होतं, बाकी जग विनाकारण ओढलं गेलं. हेही मला पटत नाही. वसाहतींनी युद्ध घडवलं की नाही, हा प्रश्नच दोघांनी चुकीच्या टोकानं धरला आहे. माझं म्हणणं असं की वसाहतींनी आधी युरोपातली शांतता घडवली. ज्या रीतीनं घडवली, त्या रीतीतच पुढचं युद्ध होतं.

१८७१ ते १९१४ या ४३ वर्षांत ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, रशिया आणि ऑस्ट्रिया आपसांत एकदाही लढले नाहीत. याचं श्रेय मुत्सद्द्यांच्या शहाणपणाला दिलं जातं. त्या शहाणपणाला आपल्याकडे जुना शब्दप्रयोग आहे: हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. नोव्हेंबर १८८४ ते फेब्रुवारी १८८५ बर्लिनमध्ये बिस्मार्कच्या निवासस्थानी आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरले, तेव्हा टेबलाभोवती एकही आफ्रिकी माणूस नव्हता. खुद्द बिस्मार्कला आफ्रिकेचं फारसं वेड नव्हतं. एक प्रवासी त्याला आफ्रिकेचा नकाशा दाखवू लागला, तर तो म्हणाला की माझा आफ्रिकेचा नकाशा युरोपातच आहे. इकडे रशिया, तिकडे फ्रान्स आणि मध्ये आम्ही. या वाक्याचा अर्थ सहसा ‘बिस्मार्कला वसाहती नको होत्या’ असा लावतात. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. आफ्रिका हे त्याच्यासाठी युरोपातल्या हिशेबाचं सुटं नाणं होतं.

आणि ते नाणं खूप वर्षं चाललं. १८९० मध्ये ब्रिटननं जर्मनीला उत्तर समुद्रातलं हेलिगोलंड दिलं, जे दोन चौरस किलोमीटरही भरत नाही, आणि बदल्यात झांझिबारवर मोकळा हात मिळवला. १८९८ मध्ये नाईल नदीकाठी फाशोदाला मेजर मार्शांची छोटी फ्रेंच तुकडी आणि ब्रिटिश सेनापती किचनरची मोठी फौज समोरासमोर आली. पॅरिस आणि लंडनमध्ये वर्तमानपत्रं रक्त मागत होती. फ्रान्सनं माघार घेतली आणि सहा वर्षांत, ८ एप्रिल १९०४ ला, त्याच दोघांचा समेट झाला: इजिप्त तुमचा, मोरोक्को आमचा. १९०७ मध्ये ब्रिटन आणि रशिया यांनी इराणचे तीन पट्टे पाडले, एक तुझा, एक माझा, मधला मोकळा. इराणी लोकांनी जेमतेम वर्षापूर्वी आपल्या शहाकडून संसद मिळवली होती. त्या संसदेला कुणी विचारलं नाही. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ, असं आपण म्हणतो. इथे दोघांच्या समेटात तिसऱ्याचं मरण होतं.

जर्मनीला या वाटपात उशिरा जाग आली. डिसेंबर १८९७ मध्ये परराष्ट्रमंत्री ब्यूलोनं संसदेत सांगितलं की आम्हाला कुणाला सावलीत ढकलायचं नाही, पण उन्हात आमचीही जागा हवी. (नागपूरच्या मे महिन्यात राहिलेल्या माणसाला या मागणीचं कौतुक वाटणार नाही, पण उत्तर जर्मनीत ऊन ही दुर्मीळ चीज आहे.) पुढच्याच वर्षी आरमाराचा कायदा आला आणि ब्रिटनचं धाबं दणाणलं. तरीही सौद्याची रीत मोडली नव्हती. १ जुलै १९११ ला जर्मन गनबोट ‘पँथर’ मोरोक्कोच्या आगादिर बंदरात नांगर टाकून उभी राहिली, आणि चार महिने युरोपानं श्वास रोखला. नोव्हेंबरात तोडगा निघाला. मोरोक्को फ्रान्सला, आणि भरपाई म्हणून फ्रेंच काँगोतला २,७५,००० चौरस किलोमीटरचा तुकडा जर्मनीला. म्हणजे महाराष्ट्राहून थोडासाच लहान प्रदेश, तिथल्या माणसांसकट, एका कराराखाली इकडचा तिकडे. युद्ध टळलं म्हणून दोन्हीकडे सुटकेचा निःश्वास पडला. दोन्हीकडचे राष्ट्रवादी मात्र चिडले, कारण त्यांना तो सौदा तोट्याचा वाटला.

गंमत अशी की जून १९१४ पर्यंत समुद्रापारची बरीच भांडणं मिटत आली होती. बगदाद रेल्वेवरून ब्रिटन आणि जर्मनी यांच्यात वर्षानुवर्षं कटकट होती. तिचा मसुदा १५ जूनला लंडनमध्ये मान्य झाला. तेरा दिवसांनी साराजेव्होत गोळ्या झाडल्या गेल्या.

मग संबंध कुठे आहे? तो आगादिरच्या पुढच्या पानावर आहे. मोरोक्को फ्रान्सला मिळतोय हे दिसताच इटलीला वाटलं, आता आपण मागे राहिलो. २९ सप्टेंबर १९११ ला तिनं तुर्कस्तानवर युद्ध पुकारलं, लिबियासाठी. १ नोव्हेंबरला गाव्होत्ती नावाच्या इटालियन वैमानिकानं त्रिपोलीजवळ विमानातून हातानं बॉम्ब टाकले. विमानातून बॉम्बफेक होण्याची जगातली ही पहिली वेळ. हेगमध्ये बलूनमधून स्फोटकं टाकण्यावर बंदीचा ठरावही झाला होता, पण तो पाच वर्षांपुरता. असो. तुर्कस्तान लिबियात गुंतलेलं पाहून बाल्कनमधल्या छोट्या राज्यांनी ऑक्टोबर १९१२ मध्ये त्याच्यावर झडप घातली. दोन बाल्कन युद्धांनंतर सर्बियाचा मुलूख जवळजवळ दुप्पट झाला, आणि व्हिएन्नात ठरलं की या सर्बियाला एकदा ठेचलंच पाहिजे. मोरोक्को, लिबिया, बाल्कन, साराजेव्हो: प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी आधीच्याचं पाहून हात पुढे केला होता. ऑस्ट्रियाकडे वसाहत नव्हती हे खरं, पण वसाहतीच्या खेळातला धक्का तिच्या उंबऱ्यापर्यंत पोचला होता. आणि तिथे तुळशीपत्र ठेवायला हलवाई उरला नव्हता. सर्बियाची पाठराखण करणाऱ्या रशियाला सर्बियाच्या बदल्यात काय देणार? काँगोतला आणखी एक तुकडा?

आपल्याकडे म्हणतात, म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो. म्हण तशी निर्दयच आहे, आणि या गोष्टीत म्हातारीचंही दुःख आहेच. पण सोकावणं हा शब्द मला इथे नेमका वाटतो. भाव वाढवायचा, धमकी द्यायची, कड्यापर्यंत जायचं आणि शेवटी तिसऱ्याची जमीन देऊन परत यायचं, याची युरोपला सवय लागली होती. १९१४ च्या जुलैतही बऱ्याच जणांना वाटलं की याही वेळी कुणीतरी शेवटच्या क्षणी कसला तरी सौदा काढेल.

दुसरी सवय रणांगणावरची. ती समजून घ्यायची तर २ सप्टेंबर १८९८ चं सुदान पाहावं लागतं. ओमदुर्मानच्या मैदानात किचनरच्या फौजेनं मॅक्झिम मशीनगन आणि नव्या रायफलींपुढे महदीच्या अनुयायांच्या सैन्याला येऊ दिलं. दुपारपर्यंत दहा हजारांहून अधिक सुदानी मेले होते. किचनरच्या बाजूला ४८. त्या दिवशी त्याच्या फौजेत डग्लस हेग होता (नाव सारखं असलं तरी त्या शहराशी त्याचा संबंध नाही) आणि हेन्री रॉलिन्सनही होता. अठरा वर्षांनी, १ जुलै १९१६ ला, फ्रान्समधल्या सोम नदीजवळ याच हेगच्या हुकमाखाली आणि याच रॉलिन्सनच्या आराखड्यानुसार ब्रिटिश पायदळ जर्मन मशीनगनवर चालून गेलं. एका दिवसात ५७,४७० माणसं पडली, त्यातली १९,२४० मेली. ते सैन्य उभं केलं होतं युद्धमंत्री किचनरनं, ज्याचं रोखलेलं बोट पोस्टरवर घराघरांत पोचलं होतं. सोमच्या महिनाभर आधी त्याची बोट सुरुंगावर आदळून बुडाली. फ्रेंचांची गोष्ट वेगळी नाही. त्यांचा सरसेनापती जॉफ्र टिंबक्टू आणि मादागास्करच्या मोहिमांत नावारूपाला आला, आणि व्हर्दंच्या लढाईत गाजलेला मांजँ हा फाशोदाला मार्शांच्या तुकडीत होता. मशीनगनच्या मागे उभं राहून ही मंडळी मोठी झाली होती. तिच्या पुढे उभं राहिल्यावर काय होतं, हे ओमदुर्मानसारख्या मैदानांवर त्यांच्या डोळ्यांसमोर घडलं होतं. पण तिकडे मरणारा माणूस वेगळ्या जातीचा आहे, त्याच्या मरणातून शिकण्यासारखं काही नाही, अशी त्यांची समजूत असावी. हा माझा अंदाज आहे, पण तो मला सोडवत नाही.

एका माणसाची कारकीर्द तर आपल्या पुण्यापर्यंत येते. ब्रिटिश अधिकारी चार्ल्स टाउनशेंड १८९५ मध्ये वायव्य सरहद्दीवरच्या चित्रालच्या वेढ्यात टिकून राहिला आणि विलायतेत नाव कमावलं. त्याच मोहिमेनंतर तक्रार झाली की साध्या गोळीनं पठाण पडत नाही, आणि दमदमची गोळी जन्माला आली. ओमदुर्मानला तो सुदानी पलटण घेऊन लढला. १९१५ मध्ये त्याच्या हाती सहावी पूना डिव्हिजन दिली गेली आणि तो तुर्कांकडून बगदाद घ्यायला निघाला. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला अडल्यावर तो मागे फिरून कूत-अल-अमारा गावात शिरला; त्याला वाटलं असेल, हे दुसरं चित्राल. १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ ला, उपासमारीनं खंगलेल्या सुमारे १३,००० माणसांसह त्यानं शरणागती पत्करली. हिंदी शिपायांनी घोड्याचं मांस खायला कितीतरी दिवस नकार दिला होता. त्यांना वाळवंटातून चालवत नेलं आणि हजारो परत आले नाहीत. टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर बऱ्यापैकी आरामात राहिला. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावापुढे आजही ‘मिलिटरी’ लागतं. त्या युद्धात पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कोकणातल्या गावांतून किती पोरं गेली, आणि कशासाठी गेली हे त्यांच्यातल्या कितींना सांगितलं गेलं, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. सगळ्या हिंदुस्थानातून दहा लाखांवर माणसं समुद्रापार गेली, ७४,००० च्या आसपास मेली, आणि वर हिंदुस्थानच्या तिजोरीतून १० कोटी पौंड ‘भेट’ म्हणून लंडनला गेले.

इथे कुणीतरी म्हणेल, आणि म्हणायलाच हवं, की लुटीसाठी लढणं हा काय युरोपचा मक्ता होता? नाही. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा चौथाईसाठी बंगालात शिरल्या, तेव्हाचे बर्गी, म्हणजे मराठा स्वार, बंगाली अंगाईगीतात आजही मुलांना भीती घालतात. आपण शिवकाळाच्या अभिमानात हे पान पटकन उलटतो. म्हणून मी युरोपीय माणसं जात्याच क्रूर, असलं काही म्हणत नाही. फरक मला कागदात दिसतो. बर्गीनं लुटलं, पण आपण सुधारलेल्यांचे कायदे पाळतो आणि तुम्हाला ते लागू नाहीत, असं कलम लिहून त्यावर सही-शिक्का केला नाही. एकदा कलम झालं की त्याच्या आत राहून सभ्य माणूसही शांतपणे वाटेल ते करू शकतो. आणि कलमाच्या कडा हव्या तशा सरकवता येतात.

त्या सरकल्याही. दक्षिण आफ्रिकेत किचनरनं डच वंशाच्या बोअर शेतकऱ्यांची शेतं जाळून बायकामुलांना छावण्यांत कोंडलं. सुमारे २८,००० मेले, त्यात बहुतेक मुलं. बोअर गोरे होते म्हणून विलायतेत बोभाटा झाला. शेजारीच काळ्या लोकांच्या वेगळ्या छावण्या होत्या, तिथली प्रेतं कुणी धड मोजलीही नाहीत. नैर्ऋत्य आफ्रिकेत २ ऑक्टोबर १९०४ ला जनरल फॉन ट्रोथानं हुकूम काढला की जर्मन हद्दीत दिसेल त्या हेरेरोला, बंदूक असो वा नसो, गोळी घालावी. सुमारे ८०,००० हेरेरोंपैकी बहुतेक संपले, वाळवंटात पाण्यावाचून किंवा शार्क आयलंडसारख्या छावण्यांत.

दुसऱ्या महायुद्धात या दोन्ही सवयी पुऱ्या घरात शिरल्या. मार्च १९३८ मध्ये ब्रिटिश राजदूतानं हिटलरपुढे मध्य आफ्रिकेत जर्मनीला वाटा देण्याची कल्पना मांडली, जुन्या रीतीप्रमाणे. हिटलरनं तिच्यात रस दाखवला नाही. त्याला हवं होतं ते युरोपात होतं. सप्टेंबरअखेर म्युनिकमध्ये चौघांनी बसून चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटन प्रदेश त्याला दिला, आणि चेक प्रतिनिधी बाहेर ताटकळत राहिले. १९०७ चा इराण आणि १९३८ चा चेकोस्लोव्हाकिया यांत रीतीचा फरक शोधून सापडत नाही. फक्त या वेळी हलवाई गोरा होता, म्हणून म्युनिक हा शब्द जगभर शिवीसारखा वापरला जातो. इराणच्या त्या कराराचं नाव कितींना आठवतं?

हिटलर तर जेवणाच्या टेबलावर उघड बोलायचा, की इंग्रजांना जसा हिंदुस्थान तसा आम्हाला रशिया. पूर्व आघाडीवर पकडलेल्या सोव्हिएत सैनिकांपैकी तीस लाखांहून अधिक जर्मन कैदेत भूक, थंडी आणि गोळ्यांनी मेले. त्याच काळात पकडलेले ब्रिटिश आणि अमेरिकन सैनिक बहुतांशी जिवंत घरी परतले. जर्मनीचं कारण तयार होतं: युद्धकैद्यांच्या १९२९ च्या जिनिव्हा करारावर सोव्हिएत संघानं सहीच केलेली नाही.

तीच नैर्ऋत्य आफ्रिका २१ मार्च १९९० ला नामिबिया या नावानं स्वतंत्र झाली. २८ मे २०२१ ला जर्मनीनं मान्य केलं की हेरेरो आणि नामा लोकांचा तो वंशसंहार होता, आणि तीस वर्षांत १.१ अब्ज युरो द्यायचं कबूल केलं. ही नुकसानभरपाई नव्हे, विकासासाठी मदत आहे, असंही स्पष्ट केलं. वाटाघाटी दोन सरकारांमध्ये झाल्या होत्या. हेरेरो आणि नामा वंशजांच्या संघटनांनी तो करार नाकारला. त्यांची तक्रार पैशाचीही होती, पण पहिली तक्रार अशी होती की आमच्याबद्दल बोलणी चालली होती तेव्हा टेबलापाशी आम्हाला जागाच नव्हती.